निन्ने बर्तीनि

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

गेल्या आषाढात तू माझ्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या ऑफिसात काम करत बसली होतीस. बाहेर पाऊस धो धो, लाईट गेलेली. यूपीएसवर लॅपटॉप चालू होता, पण नेट बंद. तू कीबोर्डवरचे हात उचललेस आणि खिडकीतून बघत बसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "नेट आलं की करते की, काका." काम काय, तर एका यादीतल्या दुबार नोंदी काढायच्या. तेव्हा मी गप्प राहिलो. आता बेंगळुरूची नोकरी हातात आल्यावर तूच विचारतेस की एआयच्या टूलने कोड लिहून घेत राहिलं तर प्रोग्रॅमिंग विसरायला होतं का.

मला होतं. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायची सांकेतिक ओळ, मी आता हाताने लिहीत नाही आणि त्याचं मला सुतकही नाही. पण विसरायला आधी यावं लागतं. म्हणून तुझा प्रश्न माझ्याहून वेगळा आहे.

माझ्या कन्नडची गोष्ट तुला कधी सांगितली नाही वाटतं. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतला. कन्नड विषय म्हणून पास झालेलो, बसमध्ये, बाजारात रोज कानावर पडणारी भाषा. मला वाटायचं, आपल्याला कन्नड येतं. पहिल्या नोकरीत गोकाक, बैलहोंगलकडच्या गिऱ्हाइकांकडे जावं लागलं. समोरचा बोलेल ते सगळं कळायचं आणि माझ्या तोंडून फक्त "हौद्री" निघायचं. बरोबर एक बैलहोंगलचा मित्र असायचा. मी मराठीत सांगायचो, तो कन्नडमध्ये बोलायचा, काम फत्ते. असं दीड वर्ष चाललं. त्या दीड वर्षात मी रोज कन्नड ऐकलं आणि कन्नड काडीचं शिकलो नाही. मग बहिणीच्या लग्नासाठी तो रजेवर गेला आणि गोकाकहून फोन आला. उद्या येतो, एवढंच सांगायचं होतं. मी ठणकावून सांगितलं, "निन्ने बर्तीनि." म्हणजे, काल येतो. पलीकडचा माणूस इतका हसला की त्याने फोन शेजारच्याकडे दिला आणि मला पुन्हा बोलायला लावलं. नाळे म्हणजे उद्या, निन्ने म्हणजे काल, हे मी त्यानंतर कधी चुकलो नाही.

टूलने लिहिलेला कोड वाचताना तुला सगळं कळतं, हे मी मान्य करतो. मलाही कन्नड सगळं कळायचं.

हा नुसता म्हाताऱ्याचा अनुभव वाटत असेल तर अशी टूलं बनवणाऱ्या अँथ्रॉपिक या कंपनीच्याच संशोधकांनी 2026 च्या सुरुवातीला मांडलेला प्रयोग बघ. 52 प्रोग्रॅमर घेतले, बहुतेक तुझ्यासारखे नवखे. ट्रायो नावाची त्यांना नवी असलेली पायथॉन भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, शिकत काम करायचं होतं. नंतर परीक्षा घेतली तर हाताने लिहिणाऱ्यांना सरासरी 67 टक्के आणि एआय वापरणाऱ्यांना 50. सगळ्यात मोठा फरक पडला तो चूक शोधण्याच्या प्रश्नांत. मात्र ज्यांनी टूलला "हे असं का?" असं विचारत काम केलं, त्यांची अवस्था बरी होती. दुसरा प्रयोग मेटर या संस्थेचा, 2025 चा. 16 अनुभवी प्रोग्रॅमर, 246 कामं. टूल वापरल्यावर वेळ 19 टक्के जास्त लागला, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की काम 20 टक्के लवकर झालं! ते लोक आपापल्या जुन्या, पाठ असलेल्या प्रकल्पांवर काम करत होते आणि टूलंही तेव्हापासून बदलली आहेत, म्हणून त्या आकड्याला मी चिकटून बसणार नाही. पण आपल्याला किती येतं याचा आपलाच अंदाज किती चुकतो, ते त्यात दिसतं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीला मी बिलाचा प्रोग्रॅम करून दिला होता. त्यातला कराचा भाग टूलकडून लिहून घेतला. आपण सीमेवरची माणसं, त्यामुळे कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी अधिक एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर) आणि कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर), हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे, 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र. टूलने माल जिथे उतरतो त्या पत्त्याचं राज्य बघून कर लावणारा कोड दिला. मी वाचला, पटला, पुढे गेलो. कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्टही त्यानेच लिहिल्या, त्या सगळ्या पास. चोरानेच पंचनामा लिहावा, तसला प्रकार.

मग कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली: कास्टिंग (ओतीव भाग) माझ्या नावाने बिल करा, पण माल मच्छेच्या मशीन शॉपला पोचवा. माल उद्यमबागेतून निघाला, मच्छेला उतरला, बेळगाव सोडून गेलाच नाही. कोडने सीजीएसटी-एसजीएसटी लावला. पण 2017 च्या आयजीएसटी कायद्याचं कलम 10 असं सांगतं की तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल दुसरीकडे उतरवला, तर पुरवठ्याचं ठिकाण त्या सांगणाऱ्याच्या व्यवसायाचं मुख्य ठिकाण. म्हणजे कोल्हापूर. म्हणजे आयजीएसटी. गंमत अशी की लाखाच्या मालावर 9 अधिक 9 टक्के लावा नाहीतर सरळ 18 लावा, बिल 1,18,000 रुपयांचंच होतं. टेस्ट बेरीज तपासत होत्या, आणि बेरीज बरोबर होती. फक्त कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला कर्नाटकातल्या त्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, मिळणार नव्हतं. फाउंड्रीतल्या अकाउंटंटने ते पकडलं. त्यांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही.

मी बरेच दिवस विचार करत होतो की तीस वर्षं हेच केलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटलं कसं. नियम मला माहीत होता. पण ती अट मी स्वतः लिहायला बसलो असतो, तर 'राज्य' असं टाइप करताना हात थांबला असता: कुणाचं राज्य, मालाचं की बिलाचं? दुसऱ्याने पूर्ण लिहून दिलेलं वाचताना हात थांबायचा प्रश्नच येत नाही, डोळे पुढे सरकतात. माझ्याजवळ निदान पूर्वीचे अडकण्याचे दिवस शिल्लक आहेत. तुझ्याजवळ ते अजून जमायचे आहेत.

तुझे मित्र म्हणतील, कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) आला तेव्हाही जुने लोक असंच रडले होते. रडले असतील. पण कंपायलरला तोच कोड दिला की तो त्याच अर्थाचा प्रोग्रॅम देतो, म्हणून त्याच्यामागे जाऊन मशीन कोड कुणी तपासत नाही. टूलला तोच प्रश्न सकाळी आणि संध्याकाळी विचारून बघ.

टूल वापरू नकोस असं मी म्हणणार नाही. कंपनी वापरायलाच लावेल, मी स्वतः रोज वापरतो. फक्त पहिलं वर्ष एवढं कर. टूलला विचारण्याआधी वहीत चार ओळी लिही, मराठीत का असेना: काय बिघडलंय असं मला वाटतं आणि का. चूक तुझ्या अंदाजापेक्षा वेगळी निघाली, तर ती ओळ खोडू नकोस, तारीख घालून तशीच ठेव. टूलने दिलेलं उत्तर आवडलं की टूलची खिडकी बंद कर आणि तेच परत स्वतः लिही. कंटाळा येईल. शेजारचा पोरगा तुझ्या दुप्पट काम उरकेल आणि मॅनेजर त्याचं कौतुक करेल, तेही सोसावं लागेल. फारच घाई असलेल्या दिवशी हे सगळं सोड आणि टूलने काम उरक, मात्र महिन्यातले किती दिवस 'फारच घाईचे' निघाले ते मोजत जा. टेस्ट मात्र कायम स्वतः लिही. निदान कशाची टेस्ट हवी ते तरी तू ठरव.

सुरुवात जायच्या आधीच कर. समज, मच्छेला उतरलेल्या त्या मालातली दहा कास्टिंगं खराब निघाली आणि मशीन शॉपने ती थेट उद्यमबागेला परत पाठवली. क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) कुणाच्या नावाने, कुठल्या कराची, आणि प्रोग्रॅमने ते कुठल्या नोंदीवरून ओळखायचं? आधी वहीत लिही, मग फोन कर. रविवारी मी घरीच आहे.

तुझा
काका