‘घरचे नको म्हणतात’

एका आईचा प्रश्न आलाय: ‘मुलगी शाळेच्या संघात एकटीच मुस्लिम आहे. हल्ली सरावाला जायला टाळते. सोडून दे म्हणू का?’

मिरजेकडची अशीच एक आठवीतली मुलगी आठवते. (ओळख कळू नये एवढे तपशील बदललेत.) चौदा वर्षांखालच्या खो-खो संघात होती, पळतीला भारी. तालुक्याचे सामने तोंडावर आले आणि तिनं मैदानावर येणं बंद केलं. क्रीडाशिक्षकांनी मला सांगितलं, "घरचे नको म्हणतात. त्यांच्यात असंच असतं." असं म्हटलं की विषय मिटतो आणि शाळेला काहीच करावं लागत नाही.

आईला बोलावलं. "मॅडम, आम्ही कुठं नको म्हटलं? तीच म्हणाली कंटाळा आला. आत्ताच तर अब्बांनी नवीन बूट आणलेत."

म्हणजे शाळेत एक कारण, घरी दुसरं. मुलगी आधी काही बोलेना. मग कागदावर तिनं मैदान काढलं, मधल्या पाटीवरचे आठ चौकोन, आणि कोण कुठं बसते ते दाखवायला लागली. एका चौकोनावर पेन थांबलं. भारत-पाकिस्तान मॅचच्या दुसऱ्या दिवशी त्या चौकोनात बसणारी मुलगी हिला म्हणाली होती, "काय गं, काल तुमची टीम हरली ना?" सगळ्या हसल्या. सरही हसले. त्यानंतर दुसरी तक्रार: कपडे बदलायला दिलेल्या वर्गाला आतून कडी नव्हती. नव्या ड्रेसमधली हाफ पँट सगळ्यात शेवटी आली. आपण मोठी माणसं हा क्रम नेमका उलटा धरतो.

घरी खरं सांगितलं तर अब्बा शाळेत भांडायला येतील, म्हणून ‘कंटाळा’. सरांना त्यांच्याच तोंडावर काय सांगणार, म्हणून ‘घरचे’.

हाफ पँटचं सोपं होतं. सूर मारताना गुडघे सगळ्यांचेच सोलवटतात, त्यामुळे पूर्ण ट्रॅक पँट आणखी तिघींनी मागितली. स्कार्फ चालेल का, ही सरांची शंका. फुटबॉलमध्ये फिफानं २०१४ साली आणि बास्केटबॉलमध्ये फिबानं २०१७ साली डोकं झाकायला परवानगी दिली आहे, हे सांगितल्यावर त्यांनी आयोजकांना आधीच विचारून ठेवलं. कडीला सुतार आला. टोमण्याचं अवघड होतं. एकात्मतेवर भाषण नको, असा मी आग्रह धरला; सरांनी संघासमोर एवढंच म्हटलं की तेव्हा मी हसायला नको होतं.

अशा वेळी पालकांना निखत झरीनचं उदाहरण दिलं जातं. शॉर्ट्सवरून लोक बोलले, तरी वडील पाठीशी राहिले आणि ती २०२२ आणि २०२३ मध्ये बॉक्सिंगची विश्वविजेती झाली. उदाहरण उत्तमच, पण प्रत्येक मुलीला निखत व्हायचं नसतं. हिला फक्त पळायचं होतं. ती परत आली, तालुक्याला खेळली. टोमणा मारणाऱ्या त्या मुलीशी अजून बोलत नाही, आणि मी दोघींची दोस्ती लावायला गेले नाही.

तर ताई, सोड किंवा खेळ म्हणण्याआधी शेवटच्या सरावाला मैदानावर काय झालं, ते तिला विचारा. एका बैठकीत सांगेलच असं नाही. शाळेला विचारा: कपडे कुठं बदलायचे, सामन्याला सोबत बाई कोण, परत किती वाजता, रोजे असताना सरावाची वेळ बदलेल का. आणि हे चिठ्ठी लिहून विचारा, तोंडी नको.