मास्क आवळण्याआधी

प्रश्न : वडील (वय ६४) तीन आठवड्यांपासून सीपॅप (झोपेत घसा उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) लावून झोपतात. मध्यरात्रीनंतर मास्कच्या कडेनं हवा सुटून डोळ्यांवर येते. मी पट्टे आवळते, तर ती आणखीच सुटते. सकाळी तोंड कोरडं ठाक. पडद्यावर गळती ४० आणि एएचआय (झोपेत श्वास अडण्याचा आकडा) ९ दिसतो. प्रेशर वाढवून घ्यावं का?

उत्तर : इतक्यात नको. आधी मास्क पाहा.

मास्कची सिलिकॉनची कड बहुधा दुपदरी असते. आतला जाड पदर आधाराला, आणि चेहऱ्याला लागणारा पातळ पदर मशीनच्या हवेनं फुगून त्वचेला चिकटतो. पट्टे आवळले की हा पातळ पदर चुरगळतो आणि हवा नाकाच्या मुळाशी वाट काढून डोळ्यांत जाते. वर नाकाच्या हाडावर वळ उठतो तो वेगळाच.

मध्यरात्रीनंतरच का? सुरुवातीला रॅम्पमुळे (प्रेशर हळूहळू चढवण्याची सोय) प्रेशर कमी असतं, तेव्हा कसाही लावलेला मास्क चालून जातो. पुढे प्रेशर चढतं. मशीन ऑटो (गरजेप्रमाणे प्रेशर आपोआप बदलणारं) असेल तर पहाटेच्या स्वप्नझोपेत, घशाचे स्नायू अगदी सैल पडल्यावर, ते आणखी वाढतं. म्हणून मास्क बसल्या बसल्या बसवू नका. वडिलांना आडवं होऊ द्या, रॅम्प बंद करून मशीन नेहमीच्या प्रेशरवर चालू करा (बऱ्याच मशीनमध्ये ‘मास्क फिट’ची सोय असते). सगळे पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढून सोडा म्हणजे पदर फुगेल. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, थोडे थोडे ओढा. आधी खालचे, नंतर वरचे. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. शेवटी दोन्ही कुशींवर वळायला सांगा. मास्कसमोरच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा मात्र गळती नव्हे, उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो. ती छिद्रं कधीही बुजवू नका.

झोपण्याआधी चेहरा साबणानं धुवावा, तेलकट क्रीम लावू नये. कडही रोज सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवा. एवढं करूनही मास्क सरकत राहिला तर त्याचं माप चुकलं आहे. ते बदलून घ्या, पट्ट्यांशी झुंजत बसू नका.

कोरडं तोंड वेगळी खूण सांगतं. वडिलांचा मास्क फक्त नाकावरचा असेल, तर हवा नाकातून शिरून उघड्या तोंडावाटे निघून जात असावी. बहुतेक वेळा मुळाशी चोंदलेलं नाक असतं. झोपण्याआधी उकळून गार केलेल्या पाण्याच्या सलाईननं नाक धुणं आणि ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी मशीनची पाण्याची टाकी) एखाद्या अंकानं वाढवणं, हे आधी करून पाहा. मग हनुवटीचा पट्टा, नाहीतर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. तोंडाला चिकटपट्टी लावायचा सल्ला अनेक जण देतात. नाक चोंदलेल्या माणसाला तो धोक्याचा आहे.

आता आकडे. काही मशीन छिद्रांतून जाणारी ठरलेली हवा वजा करून गळती दाखवतात, काही एकूण दाखवतात. पुस्तिकेत ते पाहा. वजा करणाऱ्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वरची गळती जास्त मानतात. तासाभरात श्वास किती वेळा थांबला वा उथळ झाला हे एएचआय सांगतो. मशीन ते हवेच्या प्रवाहावरून ओळखतं, म्हणून गळती मोठी असताना तुमच्या ९ वर फार विसंबू नये. गळती आटोक्यात आणून आठवडाभर नोंदी घ्या. तरीही आकडा ५ च्या वर राहिला तर डॉक्टरांना तपशील दाखवा. घसा मिटल्यामुळे होणारे प्रसंग प्रेशर वाढवून कमी होतात. मेंदूकडून श्वासाचा इशाराच न आल्यामुळे होणारे ‘सेंट्रल’ प्रसंग त्यानं वाढूही शकतात.

प्रश्न : पहाटे नळीत पाणी गुडगुडतं, कधी नाकावर शिंतोडे येतात.

उत्तर : ह्युमिडिफायरची कोमट, दमट हवा गार नळीत निवते आणि पाणी साचतं. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, नळी पांघरुणाखालून न्या किंवा तिला कापडी खोळ घाला. तापणारी नळी असेल तर तिचं तापमान वाढवा. ओलावा शेवटी कमी करा. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला, उरलेलं सकाळी ओतून द्या.

प्रश्न : मी फक्त घोरतो. तपासणी न करता ऑटो मशीन घेतलं तर ते आपोआप जुळवून घेणार नाही का?

उत्तर : घोरणं म्हणजे घशाच्या सैल भागांची थरथर. प्रत्येक घोरणाऱ्याला ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार) नसतो, आणि नसेल तर कुशीवर झोपणं, वजन, संध्याकाळची दारू यांकडे आधी पाहावं. तपासणीत एएचआय ५ ते १५ म्हणजे सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. घरच्या चाचणीत मेंदूच्या लहरी सहसा नोंदवत नाहीत, त्यामुळे झोपेचे नव्हे तर नोंदणीचे तास धरले जातात आणि आकडा कमी येऊ शकतो. दिवसा डुलक्या येत असतील आणि ही चाचणी साफ आली, तर प्रयोगशाळेतली रात्रभराची चाचणी करून घ्या. हृदय कमजोर असेल किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर ‘सेंट्रल’ प्रसंगांची शक्यता असते. तिथे ऑटो मशीन परस्पर लावू नये. शिवाय ऑटो मशीन बरेचदा ४ ते २० सेंटिमीटर पाणी (प्रेशर मोजायचं एकक) एवढ्या मोठ्या मर्यादेत सोडून दिलेलं असतं. ४ वर अनेकांना गुदमरल्यासारखं होतं आणि मशीन आठवड्यात कपाटात जातं. खालची मर्यादा डॉक्टरांकडून आपल्या गरजेजवळ आणून घ्यावी लागते.

प्रश्न : मशीन ऑक्सिजन देतं का? रात्री वीज गेली तर जीव घुसमटेल का?

उत्तर : नाही, ते खोलीतलीच हवा गाळून दाबानं देतं. १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत मांडली तेव्हापासून काम तेच : हवेच्या दाबानं घसा आतून उघडा धरणं. वीज गेली तर नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. पूर्ण मास्कमध्ये मोटर थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडते. ती धुताना फाटली किंवा चिकटली नाही ना, हे दर वेळी पाहा.