विलायती गाडी, कोकणी पावसाळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील दर गणपतीला मुंबईहून कशेडी घाटाने याच स्टँडर्ड हेरल्डने गावी यायचे. गाडी अजून चालू आहे, पण वळताना पुढच्या डाव्या चाकाकडून कुरकुर येते. मेस्त्रींनी सगळीकडे ग्रीस मारलं, आठवडाभर आवाज गेला आणि परत आला. काय करावं?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर : आधी गाडी उभी करा. मद्रासला बनलेली हेरल्ड म्हणजे मूळची ट्रायम्फ. तिच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याचं खालचं टोक पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतं. तिथे ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं : ईपी ९०. ग्रीस आट्यांच्या वरपर्यंत पोचत नाही, काही महिन्यांत घट्ट होतं, आणि वरच्या रिकाम्या जागेत पाणी मुरून पोलादी दांडा नेमका आट्यांपाशी गंजतो. असा दांडा एक दिवस तुटतो आणि चाक आत मुडपतं. बहुतेकदा हे स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू लावताना होतं, त्यामुळे निभावतं. घाटात होणार नाही याची हमी मात्र कोणी देऊ नये.

चेसिसखाली जॅक लावून, स्टँडवर ठेवून चाकं लोंबती करा. ट्रनियनचा छोटा बोल्ट काढून तिथे निपल बसवा. ऑइल भरलेली गन लावा आणि वरच्या रबर सीलमधून ऑइल डोकावेपर्यंत मारा. मध्ये मध्ये स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा. कंपनीचं वेळापत्रक ६००० मैलांचं, म्हणजे साधारण १०,००० किलोमीटरचं होतं. आपल्याकडे किलोमीटर मोजू नका. मे संपता संपता एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, एवढं ठेवा.

तुमच्या गाडीत आता ग्रीस बसलंय, त्यामुळे नुसतं वरून ऑइल मारून भागणार नाही. दोन्ही बाजू उघडा, रॉकेलने धुवा, आटे उजेडात बघा. खड्डे पडलेले किंवा धार झिजलेली दिसली तर दांडा आणि ट्रनियन दोन्ही बदला, एकच बदलू नका. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, सुटे भाग मागवताना बाजू सांगा. बसवताना ट्रनियन पूर्ण आत फिरवून मग साधारण एक फेरा मागे घ्या, नाहीतर पूर्ण वळणावर अडतं.

मेस्त्रींचा दोष म्हणवत नाही. मॉरिस मायनरलाही ट्रनियनच आहेत आणि तिथे ग्रीसच लागतं, तेही चाक उचलून, दर हजार मैलांनी. दोन गाड्या, दोन उलट सवयी.

प्रश्न : अॅम्बेसेडरला पेट्रोलचा वास येतो आणि आंबोली घाट चढताना ती बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. नवीन पेट्रोलमुळे का?
(एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : वास बहुधा नवीन पेट्रोलमुळे. बंद पडण्याचं कारण तपासूनच सांगता येईल.

मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेल्या या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा आताच्या पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदला आणि पाइपवर ‘एसएई जे३० आर९’ हा इथेनॉल चालणाऱ्या पाइपचा दर्जा छापलेला आहे ना, ते बघून घ्या. पंपाचा किटही इथेनॉल चालणारा घ्या. पेट्रोलचा वास असलेल्या गाडीत सिगारेट नकोच, हे सांगायला लागू नये.

बंद पडली की बोनेट उघडा. कॉइलची वायर सोडा, कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल धक्क्याधक्क्याने नीट आलं तर पंप शाबूत आहे. मग ठिणगी बघा. गरम झाल्यावर दम सोडणारा कंडेन्सर किंवा कॉइल हुबेहूब अशीच लक्षणं दाखवते, आणि ‘पेट्रोल उकळलं’ म्हणून निम्मे लोक चुकीच्या जागी पैसे घालतात. पेट्रोल फेसाळत आलं किंवा आलंच नाही, तर खरंच वाफ अडकली आहे : पंपावर ओलं फडकं टाका, गार होऊ द्या. घरी आल्यावर पंप आणि सायलेन्सर पाइप यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा बसवा.

एसयू बनावटीचा कार्बोरेटर असेल तर इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इंजिन गरम करून, ते चालू असताना कार्बोरेटरचा पिस्टन त्याच्या खालच्या पिनने जेमतेम एक मिलिमीटर उचला. इंजिन लगेच बंद पडलं तर कार्बोरेटरखालचं, पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं नट एकेक पैलू खाली घ्या. वेग वाढून तसाच राहिला तर वर घ्या. क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर हात लावू नका.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी मांगरात ताडपत्री गुंडाळून ठेवतो. तरी दिवाळीला फ्लोअरला नवी भोकं!
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : ‘तरी’ नव्हे, ताडपत्रीमुळेच. आत कोंडलेला दमटपणा रात्री पत्र्यावर पाणी होऊन बसतो. सुती चादर टाका, तीही गाडी पूर्ण कोरडी असताना. मांगरातल्या मातीतून ओल वर येते, तेव्हा जमिनीवर जाड प्लॅस्टिक आणि त्यावर फळ्या घाला. मे महिन्यात खालून गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः समुद्राकाठच्या रस्त्याने फिरवली असेल तर. दाराखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची आडवी पेटी, आतून सडतं ते तिथल्या लाल धुळीमुळे. टाकी गळ्यापर्यंत भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धी टाकी सर्वांत वाईट, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी साचतं. हँडब्रेक सोडा, चाकांना दगड लावा. क्लच लाकडाने दाबून ठेवा, प्लेट चिकटत नाही. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवण्यात पुण्य नाही. सायलेन्सरमध्ये नुसतं पाणी साचतं. उघडीप मिळेल तेव्हा १५ किलोमीटर चालवा, नाहीतर चावी लावूच नका.

प्रश्न : १९६० सालच्या मॉरिस मायनरमध्ये फोनचा चार्जर लावला आणि जळला. का?
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : तुमच्या गाडीत बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला आहे, चार्जर मात्र ऋण बॉडी धरून बनतो. सोपा मार्ग : प्लॅस्टिकचं सॉकेट, दोन्ही वायर थेट बॅटरीपासून, मध्ये फ्यूज, आणि सॉकेटचा कुठलाही धातू बॉडीला लागू द्यायचा नाही. कायमचा मार्ग : बॅटरी उलटी जोडा, कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल करा आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोला नवी दिशा द्या. त्यासाठी डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढून बॅटरीच्या धन टोकापासून आणलेली वायर ‘एफ’ टोकाला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. मूळचा पॉइंटवाला एसयू पेट्रोल पंप दोन्ही दिशांना चालतो, त्याला हात नको.

प्रश्न : जुन्या लँडमास्टर गाडीसाठी व्हिंटेज नंबर घ्यावा का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. बाजारहाट आणि लग्नकार्याला गाडी नेत असाल, तर जुनाच नंबर ठेवून फिटनेस करून घेत राहा.