एक स्मरणिका, दहा जणांचे फॉन्ट

प्रश्न : परळला आमच्या चाळीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. दहा जणांचे लेख वर्डमध्ये आले. ते जोडले तर एकाचं मराठी जाऊन इंग्रजी अक्षरं आली, दुसऱ्याचा मजकूर राक्षसासारखा मोठा, मध्येच एक पान आडवं. सगळं सिलेक्ट करून एकच फॉन्ट दिला, तर आणखी बिघडलं. ताई, काय करू? — एक वाचक, परळ

उत्तर : ‘सगळं सिलेक्ट’ला आधी हात जोडा आणि मूळ फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या. दादरला माझ्या डीटीपीच्या (छपाईसाठी पानं जुळवण्याच्या) टेबलावर गणपतीआधी अशाच फायली येतात.

इंग्रजी अक्षरं दिसतायत तो लेख युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाही; श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये आहे. तिथे ‘म’ हा खरा ‘म’ नसतोच, भलत्याच अक्षराला ‘म’चं चित्र दिलेलं असतं. मंगलसारखा युनिकोड फॉन्ट दिला की चित्र जातं आणि खालचं उघडं पडतं. इलाज एकच, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर, आणि तोही त्याच फॉन्टचा. मग लेख नीट वाचून काढा. रफार, पहिली वेलांटी आणि ‘दुसऱ्या’तला र इथे गडबड होते. अध्यक्षांच्या मनोगतात ‘वर्गणी’चा रफार उडाला तर चाळभर चर्चा!

आता आकार. वर्डमध्ये स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार वगैरेंचा नाव दिलेला साचा; दोन्ही फायलींत ‘नॉर्मल’ नावाची स्टाइल असतेच. जोडताना ज्या फाइलमध्ये जोडताय तिची चालते. म्हणजे ज्यांनी स्टाइलच बदलून 16 पॉइंट केली, त्यांचा लेख तुमच्याकडे येऊन तुमच्या ‘नॉर्मल’इतका, समजा 12, होतो. ज्यांनी मजकूर निवडून हाताने 16 केला, त्यांचा 16च राहतो. लेखकांना दोष देऊ नका, दोघांच्या स्क्रीनवर सारखंच दिसत होतं.

त्यामुळे कोरी फाइल घ्या आणि ‘नॉर्मल’ व ‘हेडिंग 1’ आधी ठरवून टाका. स्टाइलच्या फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ची चौकट वेगळी असते, मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे द्यायचा. लॅटिनच्या (इंग्रजी अक्षरांच्या) चौकटीत कितीही आकडे बदला, मराठी ढिम्म हलत नाही. मग एकेक लेख पेस्ट करताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ (नुसता मजकूर) हा पर्याय निवडून आणा. ठळक-तिरपं जाईल, ते मूळ फाइल शेजारी उघडून पुन्हा द्या. कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं. फोटो आणि जमाखर्चाचा तक्ता या वाटेने येत नाहीत, ते वेगळे आणा.

आडवं पान हे कुणाच्या तरी सेक्शन ब्रेकचं, म्हणजे फाइलचे वेगळ्या मांडणीचे भाग पाडणाऱ्या खुणेचं, काम. नुसता मजकूर आणलात की ते मिटतं. तक्ता आडवाच हवा असेल, तर त्याच्या आधी आणि नंतर ‘नेक्स्ट पेज’ सेक्शन ब्रेक तुम्हीच द्या आणि मधला तेवढाच भाग आडवा करा.

आणि प्रेसला वर्डची फाइल पाठवू नका, पीडीएफ द्या. त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसला, तर इतकी मेहनत पाण्यात.