पत्रात मुलीचं नाव कुठे आहे?

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला. अंकलेश्वरला नोकरी करणारे तिचे मामा म्हणतात, पेट्रोलियम इंजिनिअरिंग करू द्या, गॅसमध्ये पगार चांगला. मुलगी नाही म्हणते. राजस्थानच्या कोरड्या भागात गॅससाठी खडक फोडतात, पाणी नासतं, असं तिने वाचलंय. वडिलांचा प्रश्न: "तिची समजूत कशी काढावी?"

भाऊ, पत्र सव्वादोन पानांचं आहे. फीचा आकडा तीनदा, मामांचं नाव चारदा. मुलीचं नाव एकदाही नाही, सगळीकडे नुसतं 'पोरगी'. आणि "एक एकर विकायचीही तयारी आहे, हे तिला सांगून ठेवलंय" हे वाक्य मी दोनदा वाचलं. का सांगून ठेवलंत? सतरा वर्षांची पोर मग अभ्यासाला बसत नाही, हिशेबाला बसते. चाचणीत दोन मार्क गेले की तिला शेताचा बांध दिसतो. तुमची माया खरी आहे, कबूल. पण हे ओझं आज जेवताना उतरवा. "वावर विकायचं नाही," एवढंच म्हणा. उरलेलं उत्तर उद्या वाचलं तरी चालेल.

मामांना बोल लावत नाही. पण तेलाचा भाव पडला की या धंद्यात भरती आटते, आणि एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत तो चक्क शून्याखाली गेला होता. खात्रीची नोकरी म्हणून इकडे पाहू नका.

"गॅस तर स्वच्छ इंधन, मग पर्यावरणाचं खूळ कशाला?" असं तुम्ही लिहिता. जळताना स्वच्छ, हे बरोबर. वीज बनवताना कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. पण न जळता गळला, तर तोच गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन, वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो. शिवाय घट्ट खडकातला गॅस मोकळा करायला पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने आत सोडतात. राजस्थानच्या बाडमेर भागातल्या रागेश्वरी गॅस क्षेत्रात हेच करतात. शेल नावाच्या थरांच्या खडकात, खाली जाऊन आडव्या वळवलेल्या एका विहिरीला कोटभर लिटर पाणी सहज लागतं. आता आपल्या मापात बोलू. ठिबकवरची एक-दोन एकर केळी वर्षात तेवढंच पिते! नुसत्या आकड्याला भ्यायचं तर आधी आपल्या बागेला भ्यावं. रावेर-यावल पट्ट्यातलं भूजल काही गॅसने उपसलेलं नाही. फरक पुढे आहे. विहिरीतून परत येणारं पाणी खारट असतं, रसायनं घेऊन येतं. जिथे पिण्याचीच मारामार, तिथे ते ठेवायचं कुठे? मुलीचंही एक दुरुस्त करतो: दोन-तीन किलोमीटर खालची भेग वरच्या पाण्याला भिडण्याची भीती त्या मानाने कमी. दगा देतं ते विहिरीतल्या नळीभोवतीचं कच्चं सिमेंट आणि परत आलेलं पाणी साठवायचा वरचा पाझरणारा खड्डा.

आता खरी गोष्ट. शेवटच्या पानामागे पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत. तुम्हाला बहुधा माहीत नसाव्यात. "सर, आमची बोअर दोनदा खोल केली. खाली पाणी किती उरलंय, हे कोण मोजतं?"

भाऊ, हा प्रश्न पेट्रोलियमचा नाही, पर्यावरण इंजिनिअरिंगचाही नाही. हा भूजलशास्त्राचा आहे. पेट्रोलियमचा फॉर्म बाजूला ठेवा. बीएस्सी भूगर्भशास्त्र, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. केंद्रीय भूजल मंडळाच्या जागा तिच्यातूनच भरतात. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड चांगली गेली तर धनबादच्या आयआयटीत थेट उपयोजित भूगर्भशास्त्र. अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी भरायला कुणी वावर विकत नाही. आणि मामांचं समाधान करायचंच असेल तर सांगा, गॅसच्या विहिरीतून वर येणारा खडकाचा चुरा तपासायलाही भूवैज्ञानिकच लागतो.

ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ते लोक वर्षातून चार वेळा मोजतात. जळगावच्या कार्यालयात जाऊन आपल्या तालुक्याचे दहा वर्षांचे आकडे माग, वहीत उतरवून घे आणि मला पाठव. भाऊ, मोटारसायकलवर तुम्हीच घेऊन जा तिला.