बॅटरीवरचं हॅमर ड्रिल साइटवर दिवस काढेल का?

अवजारांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इलेक्ट्रिकलची कामं लेबर रेटने घेतो, सोबत दोन हेल्पर असतात. आमचं बहुतेक काम स्लॅबखालचं. केबल ट्रेचे सपोर्ट, पाइपची सॅडल, कधी पंख्याचे हुक. दिवसाला सव्वाशेच्या आसपास भोकं होतात. बरीचशी ८ मिमीची, थोडी ६ ची, क्वचित १० ची. सध्या वायरचं ड्रिल आहे, पण शिडी आणि एक्स्टेन्शन बोर्ड हलवण्यातच निम्मा दिवस जातो. बॅटरीवरचं हॅमर ड्रिल घ्यायचं ठरवलंय. एका डब्यावर १८ व्होल्ट लिहिलंय, दुसऱ्यावर २०, तिसऱ्यावर ४८. 'काँक्रीट १३ मिमी' तिन्हींवर आहे. कुठलं घेऊ? आणि दिवसभर पुरेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातला मला सगळ्यात कामाचा वाटला तो आकडा म्हणजे सव्वाशे. व्होल्टचं नंतर बघू.

मी बावीस वर्षं इलेक्ट्रिकलची कामं घेते. माझ्या गाडीत कायम एक काँक्रीटचा टेस्ट क्यूब असतो. स्लॅब भरताना मालाची ताकद तपासायला १५० मिमीचे क्यूब भरतात ना, त्यातलाच एक जास्तीचा. एम २५ ग्रेडच्या काँक्रीटचा, साधारण आठ किलोचा. नवीन मशीन घ्यायचं झालं की मी तो दोन फळ्यांमध्ये घट्ट अडकवते, ८ मिमीचं नवं कोरं बिट लावते आणि ५० मिमी खोल भोकं पाडते. गेल्या वेळी एकीकडे १८ व्होल्टचं चांगलं हॅमर ड्रिल होतं आणि दुसरीकडे तेवढ्याच बॅटरीचं छोटं रोटरी हॅमर. हॅमर ड्रिलला एका भोकाला वीस सेकंद लागली, आणि तीही मी अंगाचा भार टाकला म्हणून. रोटरी हॅमरला सात लागली, मी नुसतं धरून उभी होते. दहा भोकांनंतर हॅमर ड्रिलच्या गिअरबॉक्सला हात लावला तर चटका बसला.

दोघांत एवढा फरक पडतो तो आतल्या रचनेमुळे. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. एक फिरते, दुसरी जागेवर राहते. तुम्ही रेटलं की दाते दातांवर चढतात आणि घसरतात, त्या खडखडाटातून बिटला ठोके बसतात. मिनिटाला वीस-तीस हजार ठोके, पण प्रत्येक ठोका हलका, आणि मागचा जोर तुमच्या खांद्याचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेच्या धक्क्याने आतला पोलादी ठोकळा बिटच्या बुडावर आदळतो. मिनिटाला चार-पाच हजारच ठोके, पण एकेक ठोका हातोडी मारल्यासारखा. त्याचं बिट चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, आवळायचं नसतं. एसडीएस-प्लस नावाच्या पकडीच्या खाचांमध्ये ते अडकतं आणि पुढेमागे मोकळं सरकतं, म्हणून ठोका वाया जात नाही.

आता बॅटरीचा हिशोब. १८ व्होल्ट, ५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) पॅकमध्ये ९० वॅट-तास ऊर्जा असते. काँक्रीटमध्ये दाब देऊन चालताना मशीन साडेचारशे वॅट खेचतं असं धरा, म्हणजे ट्रिगर सलग दाबला तर बारा मिनिटं. बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. वीस सेकंदांच्या हिशोबाने छत्तीस भोकं, सात सेकंदांच्या हिशोबाने शंभर. हा कागदावरचा अंदाज आहे. मालात कठीण खडी असली, बिट बोथट झालं, तर आकडा खाली येतो. पण तुमच्या सव्वाशे भोकांना एकीकडे चार पॅक लागतात आणि दुसरीकडे दोनात भागतं, हे प्रमाण फारसं बदलत नाही. शिवाय सगळी भोकं डोक्यावर. सव्वाशे वेळा हात वर करून मशीन रेटायचं, हे तुमच्या हेल्परला पहिल्या आठवड्यातच जड जाईल.

तेव्हा माझं स्पष्ट मत : तुमच्या कामाला हॅमर ड्रिल घेऊ नका. बॅटरीवरचं छोटं एसडीएस-प्लस रोटरी हॅमर घ्या, ठोक्याची ताकद दीड-दोन जूल असलेलं. तेवढ्यात ६ ते १० मिमीची भोकं आरामात होतात. सोबत ५ एएचचे दोन पॅक घ्या. चार्जरवर किती अँपिअर लिहिलंय तेही बघून घ्या. २ अँपिअरचा चार्जर ५ एएचच्या पॅकला अडीच तासांच्या वर घेणार, तोवर दुसरा पॅक संपलेला असेल. मशीनमधून काढलेला गरम पॅक लगेच चार्जरला लावला तर चांगला चार्जर तो थंड होईपर्यंत थांबतो, तोही वेळ धरा. स्क्रू आवळायला, पत्र्या-लाकडात भोकं पाडायला जुनं वायरचं ड्रिल आहेच. रोटरी हॅमरला अ‍ॅडॉप्टर लावून ती कामं करू नका, बिट डगमगतं आणि भोक वाकडं जातं.

व्होल्टचं कोडं सोपं आहे. लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल ओळीने जोडले की ३.६ च्या हिशोबाने १८ आणि ४.२ च्या हिशोबाने २१. त्यामुळे व्होल्टच्या बाबतीत १८ आणि २० लिहिलेली मशीनं सारखीच. '४८' चं काय, तर असा एक पॅक मी स्वतः उघडला होता. आत ओळीने पाचच सेल होते. फसवलं गेल्याचं तेव्हा फार लागलं, कारण तो मी एका नव्या मुलाला त्याच्या पहिल्या कामासाठी घेऊन दिला होता. डब्यावरचं सोडा, पॅकच्या पाठीवर वॅट-तास किती लिहिलेत ते बघा. आणि पॅक हातात धरून बघा. ५ एएचच्या पॅकमध्ये नुसत्या सेलचंच वजन साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम भरतं. तेवढा दावा करणारा पॅक तळहातावर तीनशे ग्रॅमचा लागला तर तो खाली ठेवा.

'काँक्रीट १३ मिमी' म्हणजे ती मशीनची शेवटची हद्द, रोजचं काम नव्हे. ८ च्या भोकापेक्षा १३ च्या भोकात अडीच पटीहून जास्त काँक्रीट काढावं लागतं.

हॅमर ड्रिल वाईट मशीन आहे असं मुळीच नाही. विटांच्या भिंती, हलके ब्लॉक, मधूनच लाकूड, मधूनच लोखंड, आणि काँक्रीटमध्ये दिवसाला पाच-दहा सहाची भोकं, असं फर्निचर फिटिंगचं काम असेल तर मी तेच घेईन. असं काम करणाऱ्यांनी मात्र चकमध्ये लांब सरळ बिट लावून मशीन हळू फिरवून बघावं. टोक नजरेला गोल फिरताना दिसलं तर चक किंवा स्पिंडल वाकडं आहे. हॅमर मोडवर दोन नंबरचा, म्हणजे जोरात फिरणारा गिअर वापरायचा. पोकळ विटेत हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर आतली पापडी फुटते आणि प्लग लोंबकळतो. टाइलच्या चकाकीवरही आधी बिनहॅमरचं.

आणि बाजूचं हँडल. ते डब्यातच पडून राहतं, म्हणून हात जोडून सांगते, लावा. मी एकदा 'एकच भोक आहे' म्हणून न लावता शिडीवर चढले. बिट सळईत अडकलं, चक थांबलं आणि मशीनच फिरलं. मनगट दीड महिना पट्ट्यात होतं. बॅटरीच्या मशीनचा पीळ आता वायरच्या ड्रिलपेक्षाही जास्त असू शकतो. बिट अडकल्यावर स्वतः थांबणारी सोय असलेलं मशीन मिळत असेल तर त्याला पहिली पसंती द्या, शिडीवर काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

प्रश्न : ताई, मी नवीनच कामाला लागलोय. स्लॅबमध्ये भोक पाडताना अडीच सेंटीनंतर ड्रिल आत जातच नाही. काल बिटचं टोक लाल झालं. मिस्त्री म्हणतात जोर लाव. मशीन खराब आहे का?

उत्तर : आधी दिशेचं बटण बघ. उलटं फिरत असेल तर बिट काँक्रीटवर नुसतं घासतं. हे नव्या-जुन्या सगळ्यांचं होतं, लाजू नकोस.

दिशा बरोबर असेल तर तू सळईवर आहेस. स्लॅबच्या खालच्या सळईवर साधारण २० ते २५ मिमी काँक्रीटचं कव्हर असतं, आणि तू अडीच सेंटीला अडलास. भोकातली पूड बोटावर घे. करड्या भुकटीत चमकणारे बारीक कण दिसले तर ते लोखंड. तिथे जोर लावायचा नाही. पाच सेंटी बाजूला सरक आणि नवीन भोक पाड, जुनं मसाल्याने बुजव. बीममध्ये हे झालं तर इंजिनिअरना विचारल्याशिवाय दुसरं भोकसुद्धा पाडू नकोस. आणि स्लॅब पोस्ट-टेन्शनचा, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला असेल तर ड्रॉइंगमध्ये केबल कुठून गेल्यात ते कळल्याशिवाय बिट टेकवायचंच नाही. ताणलेली केबल तुटली तर माणूस जाऊ शकतो. मिस्त्रींनाही हे माझ्या नावाने सांग.

लाल झालेलं बिट पाण्यात बुडवू नको, टोकाचा कार्बाइड तडकतो. हवेवर गार होऊ दे. एकदा लाल झालं की त्याची धार गेली असं समज.

प्रश्न : ब्रशलेस घ्यावं की कार्बनवालं?

उत्तर : रोजच्या कामाला ब्रशलेस. त्याच बॅटरीत जास्त भोकं होतात, आणि झिजायला कार्बनच, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे ब्रशच, नसतात. मात्र आतलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर ते साइटवर दुरुस्त होत नाही, कार्बन मात्र दहा मिनिटांत बदलता येतो. दुरुस्तीची सोय लांब असेल आणि वापर अधूनमधून, तर कार्बनवालंही चालेल.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर साइटवर भोकं पाडायचंच काम करतात. दिवसातले चार-पाच तास ड्रिल हातात असतं. हल्ली रात्री त्यांच्या बोटांना मुंग्या येतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, सकाळी गार पाण्यात हात घातला की दोन बोटं पांढरी पडतात. ते म्हणतात सवयीने जाईल. जाईल का?

उत्तर : नाही जाणार. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

ही लक्षणं हादऱ्यांची आहेत. मशीनच्या थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात. बोटं पांढरी पडणं आणि बटणं न लागणं ही दोन्ही त्याची ओळखीची चिन्हं. काम तसंच चालू ठेवलं तर नसांचं नुकसान कायमचं होतं. वेळेवर थांबवलं तर पुढे वाढत नाही, काहींचं थोडंफार सुधारतंही.

मशीनसोबतच्या पुस्तिकेत हादऱ्यांचा आकडा असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग असा. काँक्रीटमध्ये हॅमर मोडवर तो १० ते १५ सहज असतो. युरोपियन संघाच्या २००२ च्या नियमात आठ तासांच्या दिवसाला सरासरी २.५ ओलांडली की मालकाने उपाय करायचे, आणि ५ ही कमाल मर्यादा. आकडा दुप्पट झाला की परवानगीचा वेळ चौथाईवर येतो. म्हणजे १० च्या मशीनवर अर्ध्या तासात पहिली रेषा गाठते आणि दोन तासांत शेवटची. १५ च्या मशीनवर पहिली तेरा मिनिटांत, शेवटची त्रेपन्न मिनिटांत. हा वेळ ट्रिगर दाबलेला असतो तेवढाच मोजायचा, पण चार-पाच तासांतला अर्धा जरी तसा असला तरी तुमचे मिस्टर मर्यादेच्या पलीकडे गेलेत.

ठेकेदाराशी बोलायला हवं आणि ते एकट्याने बोलू नये, सोबतच्या माणसांनाही घ्यावं. मागायचं हे : हँडलला हादरे शोषणारी रचना असलेलं रोटरी हॅमर, धारदार बिटं, आणि दोन-तीन माणसांत आलटून पालटून काम. मशीन लवकर भोक पाडतं म्हणजे हात कमी वेळ थरथरतो, ही गोष्ट ठेकेदारालाही पटते, त्याचंही काम लवकर होतं. मशीन घट्ट आवळून धरायचं नाही, जितकं घट्ट तितके हादरे हातात उतरतात. हात उबदार ठेवायचे. हादरे कमी करणारे म्हणून मिळणारे हातमोजे ड्रिलच्या बाबतीत फार भरवशाचे नाहीत, त्यांच्या जोरावर वेळ वाढवू नये. सिगारेट-तंबाखू असेल तर रक्तवाहिन्या आणखी आवळतात, ते सोडणं या आजारात औषधाइतकं महत्त्वाचं आहे. आणि डोक्यावरची भोकं पाडताना नाकाला नीट बसणारा धूळरोधक मास्क लावायला सांगा, साधा रुमाल नको. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात राहते.

या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या : कुठलं मशीन, दिवसाला किती वेळ ट्रिगर दाबलेला असतो, किती वर्षांपासून, कुठली बोटं आधी पांढरी पडली. पांढरी पडलेली असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पुन्हा गुलाबी झालेली असतात, आणि मिस्टर तिथे 'आता बरं आहे' म्हणतील.