गिअर पोटात घेतलेली सायकल कोकणात टिकेल का?

मिरग लागला की माझ्याकडे दोनच तक्रारी येतात, चेन गंजली नायतर गिअर अडकला. यंदा तिसरी भर पडलीय, "ते आतल्या गिअरचं काय हो?" विचारणाऱ्यांची. म्हणजे हबगिअर, मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात, हबात, दडवलेला गिअर. त्यातले चार प्रश्न घेतो.

गुहागरहून एक ताई विचारतात, घर समुद्राला लागून आहे, गिअरची सायकल दोन पावसाळ्यांत खलास झाली. हबगिअरवाली घेतली तर सुटका होईल का?

बरीचशी होईल. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा नेहमीचा बाहेरचा गिअर, त्याचा सगळा संसार उघड्यावर मांडलेला, त्यावर खारा वारा, जांभ्याची लाल धूळ आणि वरून पाऊस, मग स्प्रिंग किती दिवस टिकणार? हबगिअरमध्ये सगळी चक्रं मागच्या चाकाच्या हबात बंद, बाहेर फक्त एक चेन आणि तीही सरळ रेषेत, म्हणजे जुन्या सायकलींना असायचा तसा पूर्ण डब्बा चेनकव्हर लावता येतो, आणि माझ्या मते आपल्याकडे अर्धा फायदा त्या डब्याचाच आहे. नेदरलँड्समध्ये लोक पावसात, समुद्रकाठी वर्षानुवर्षं असल्याच सायकली वापरतात.

पण एक आहे, आत पाणी शिरलं तर बाहेरून कळत नाही. मी एकदा शहाणपणा करून वहाळातून सायकल काढली, हब बुडेल एवढं पाणी होतं, पुढच्या आठवड्यात उघडला तर ग्रीसचा दुधाचा चहा झालेला. त्यामुळे गाडी धुवायच्या प्रेशर पाइपला हबाजवळ आणू नका, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून साफ करून घ्या.

आजोबांची रॅले सायकल पडवीत पडलीय, मागे ३ गिअर आहेत पण मधेच पेडल फुकट फिरतं. टाकून देऊ का? (मालवण)

अहो टाकताय कसली! तो बहुतेक स्टर्मी-आर्चर या जुन्या इंग्लिश कंपनीचा हब असणार. हबावर AW-सारखी अक्षरं आणि आकडे ठोकलेले असतात ते चिंधीने पुसून बघा, AW म्हणजे १९३६ पासूनचं मॉडेल आणि आकड्यांवरून बनल्याचं साल कळतं. मधला गिअर थेट, खालचा त्याच्या ७५ टक्के, वरचा १३३ टक्के.

पेडल फुकट फिरतं कारण या हबात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक मोकळी जागा आहे, वायर सैल पडली की तो नेमका तिथे जाऊन बसतो. बहुतेक वेळा मोडलेलं काहीच नसतं. गिअर दुसऱ्यावर ठेवा, उजव्या नटाच्या खिडकीतून आत बघा, बारीक साखळी ज्या दांडीला जोडलीय त्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट दिसला पाहिजे, तसा येईपर्यंत वायर ओढून घ्या. तोवर उभं राहून पेडल मारू नका, नको तिथे आपटाल.

हबावर तेलाचं छोटं बूच असतं, त्यातून हलकं मशीन ऑइल सोडा. आणि हात जोडून सांगतो, खोबरेल नको! एका काकांनी घरचं घाण्याचं तेल म्हणून प्रेमाने पाजलं होतं, आतल्या खिट्ट्या चिकटून बसलेल्या, रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवल्यावर सुटल्या.

रत्नागिरीत रोज चढ-उतार आहे, हबगिअर जड जातो म्हणतात ते खरं का?

थोडं खरं. आतल्या चक्रांत दोन-चार टक्के जोर जास्त मुरतो. पण ही तुलना चकाचक चेनशी होते, जुलैमधल्या लाल चिखलाने माखलेल्या चेनशी केली तर तो फरक तुम्हाला जाणवायचाही नाही. खरा प्रश्न रेंजचा आहे, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर सगळ्यात खालच्याच्या किती टक्के ते. ३ गिअरवाला आपल्या चढांना कमी पडतो. शिमानोच्या नेक्सस ८ ची रेंज ३०७ टक्के, समोर ३८ आणि मागे १९ दात लावले तर पहिल्या गिअरात एका पेडलफेरीला चाक जेमतेम एकच फेरी फिरतं, म्हणजे बाजारहाट करून पिशव्या लादूनही चढाल. रोज आंबा घाट चढणार असाल तर गोष्ट वेगळी.

मुंबई ते गोवा किनाऱ्याने टुरिंग करायचंय, रोहलॉफ घेऊ की पिनियन? पुढे हेच सगळीकडे येणार ना?

दोन्ही जर्मन, दोन्ही जबरदस्त. रोहलॉफ १९९८ पासून आहे, मागच्या चाकात १४ गिअर, ५२६ टक्के रेंज, दर ५००० किलोमीटरला तेल बदललं की झालं. पिनियनचा डबा पेडलपाशी फ्रेममध्येच बसतो, १८ गिअरवाल्याची रेंज ६३६ टक्के, पण त्यासाठी फ्रेमच वेगळी लागते. घ्यायचाच तर रोहलॉफ घ्या, उद्या काय झालं तर दुसरं चाक टाकून घरी तरी याल. नुसता रोहलॉफचा हब हजार युरोच्या वर जातो बरं का, आणि दाभोळच्या फेरीत उतरताना बिघडला तर सील कुठून आणणार?

सगळीकडे येईल म्हणाल तर मला तसं वाटत नाही, निदान या रूपात नाही. ई-सायकलमधून येईल, मोटरच्या जोरापुढे चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा, लवकर झिजतात, म्हणून तर २०२३ मध्ये पिनियनने मोटर आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात घालून आणला. आपल्या गल्लीत मात्र साधा ३ नि ८ गिअरचा हबच चालेल, आणि तोही तालुक्याला एखादा तरी मेकॅनिक तो उघडायला शिकला तरच.

याच भावाने शेवटी विचारलंय, आहे त्या सायकलला चेनऐवजी बेल्ट बसेल का? सहसा नाही बसणार. नेहमीचा बेल्ट चेनसारखा तोडून जोडता येत नाही, मागच्या बाजूला उघडणारी फ्रेम लागते. आणि वेल्डिंगवाल्याकडून फ्रेम कापून घ्यायचा विचार मनात आला असेल, तर आधी ती सायकल मला विका.